मोजणीच्या टिपणापासून फ्लेक्सपर्यंत: जागेच्या व्यवहारातील संगणकीय नकाशे आणि त्यांच्या फाइली

बेळगाव-खानापूर रस्त्यावरच्या एखाद्या दहा गुंठ्यांच्या जागेचा व्यवहार जमू लागला, की त्या जागेचे चित्र किती हातांतून फिरते हे एकदा मोजून पाहावे. सर्व्हेअर कागदावर मोजणी देतो, ड्राफ्ट्समन ती ऑटोकॅड या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवतो, एजंट तिची प्रतिमा व्हॉट्सॲपवरून पुण्याच्या किंवा पणजीच्या गिऱ्हाइकाला धाडतो, फ्लेक्सवाला तीच आकृती कोरलड्रॉमध्ये नव्याने गिरवतो, बँकेच्या मूल्यांकनकाराला पीडीएफ हवी असते आणि बॉन्ड रायटर शेवटी चतुःसीमा वाचून खरेदीखतात घालतो. या प्रत्येक मुक्कामाला फाइलचा प्रकार बदलतो आणि प्रत्येक बदलात काहीतरी गळते: कुठे प्रमाण, कुठे अक्षरे, कुठे उत्तर दिशा. गेली अनेक वर्षे हे काम करताना मी एकच शिस्त उपयोगी पडताना पाहिली आहे. मोजमापे असलेली मूळ फाइल एकच ठेवावी, बाकी सगळ्या फाइली तिच्यातून काढाव्यात, आणि चित्रावरून मोजमाप काढण्याच्या उलट्या वाटेने कधीही जाऊ नये. पुढे जे सांगितले आहे ते ही शिस्त रोजच्या कामात कशी पाळायची त्याविषयी आहे.

टिपण संगणकावर उतरवताना

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या वर्षी चंदगड तालुका वगळून तो म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे येथील जुनी मोजणी मुंबई इलाख्याच्या पद्धतीची आहे आणि चंदगड, गडहिंग्लजकडच्या जुन्या मोजणीशी तिचे नाते आजही लागते. या पद्धतीतील साखळी ३३ फुटांची असून तिचे आणे १६ आहेत. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. ही गोष्ट जुन्या माणसांना पाठ असते. नव्याने ऑटोकॅड शिकून आलेल्या मुलाला मात्र ती कोणी सांगितलेली नसते, आणि पहिली चूक तिथेच होते.

उदाहरण घ्यावे. टिपणावर, म्हणजे सर्व्हेअरच्या मोजणीच्या कागदावर, एका बाजूचे अंतर १२ साखळी ५ आणे असे लिहिलेले आहे. मुलगा ते १२.५ असे टंकतो, ३३ ने गुणतो आणि ४१२ फूट ६ इंच लांबीची रेघ ओढतो. वास्तविक ५ आणे म्हणजे साखळीचा ५/१६ भाग, म्हणजे ०.३१२५, म्हणून खरे अंतर १२.३१२५ गुणिले ३३, म्हणजे ४०६ फूट आणि वर सुमारे पावणेचार इंच. एकाच बाजूत सहा फुटांहून अधिक फरक पडला. हे टाळण्यासाठी टिपणावरची अंतरे आधी एक्सेलसारख्या तक्त्यात घालावीत, साखळी आणि आणे यांना दोन वेगळे रकाने द्यावेत आणि फुटांचा रकाना सूत्राने काढून घ्यावा. नकाशावर रेघ ओढताना तो तिसरा रकानाच वाचावा.

हाच घोटाळा क्षेत्रफळातही होतो. उताऱ्यावर २-१५ असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ दोन एकर पंधरा गुंठे, म्हणजे ९५ गुंठे, म्हणजे २.३७५ एकर. २-१५ चे २.१५ केले की नऊ गुंठे हवेत विरतात. सीमेपलीकडचे गिऱ्हाईक असेल तर त्याला सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आरची सवय असते. त्याच्यासाठी त्याच नकाशावर ०.९६ हेक्टर असे दुसरे एकक शेजारी लिहावे, कारण एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर आणि एक आर १०० चौरस मीटर असा जवळजवळ सारखेपणा असला तरी ते एकच नाहीत. जुन्या हस्तलिखित टिपणांवर कन्नड अंक असतील तर ते सवयीने देवनागरी समजून वाचू नयेत. शंका आल्यास कन्नड वाचता येणाऱ्या माणसाकडून प्रत्येक आकडा मोठ्याने वाचून घ्यावा. मोडीतले कागद निघाले तर तेथे मोडी जाणणारा माणूसच हवा, अंदाज चालत नाही.

कागद संगणकात घेताना मोबाईलने तिरका फोटो काढण्याचा मोह आवरावा. तिरक्या फोटोत जवळची बाजू मोठी आणि दूरची बाजू लहान येते, आणि ती चूक डोळ्यांना दिसत नाही. सपाट स्कॅनरवर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या दराने, स्कॅन करून टिफ किंवा पीएनजी या प्रकारात साठवावे. जेपीईजी फोटोंसाठी उत्तम असली तरी बारीक रेघांच्या कडेला ती धुरकट डाग सोडते. स्कॅन ऑटोकॅडमध्ये एका स्वतंत्र लेअरवर, म्हणजे झाकता-दाखवता येणाऱ्या थरावर, टाकावे, दोन ओळखीच्या खुणांवर अलाइन करून प्रमाणात बसवावे आणि मग तिसऱ्या खुणेवर अंतर तपासावे. तिसरी खूण जुळत नसेल तर कागद ओलसरपणाने ताणलेला किंवा घडीवर फाटून चिकटवलेला आहे असे समजावे. तसे असो वा नसो, स्कॅनवरून रेघा गिरवू नयेतच. रेघ आकड्यांवरून काढावी आणि स्कॅन फक्त पार्श्वभूमीला, आकाराची ओळख पटवण्यासाठी ठेवावे.

सगळ्या बाजू जोडून आकृती बंद झाली की तिचे क्षेत्रफळ काढून उताऱ्याशी ताडून पाहावे. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट असायला हवेत आणि आकृती १०,६४० दाखवते, असे समजा. अशा वेळी एखादा कोपरा हळूच सरकवून बेरीज जुळवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि ती घातक आहे. तो अडीचशे चौरस फुटांचा फरक नकाशाच्या कोपऱ्यात स्पष्ट लिहावा, म्हणजे पुन्हा मोजणी मागवायची की नाही हे मालक ठरवू शकेल. शेतजमिनीचा तुकडा विकायचा असेल तर नोंदणीपूर्वी सर्व्हे खात्याचे ११-ई स्केच लागतेच. आपला संगणकीय नकाशा कितीही देखणा असला तरी तो त्याची जागा घेत नाही, हे गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगावे.

एकके आणि डीडब्ल्यूजीची आवृत्ती

ऑटोकॅडच्या फाइलमध्ये लांबी केवळ एक आकडा असते. तो फूट आहे की मीटर की मिलिमीटर हे फाइलच्या युनिट्समध्ये वेगळे नोंदवावे लागते. आर्किटेक्ट बहुधा मिलिमीटरमध्ये काम करतात, ले-आऊट करणारे मीटरमध्ये, आणि आपले गिऱ्हाईक ३० बाय ४० च्या प्लॉटविषयी फुटांतच बोलते. ज्या फाइलमध्ये एककाची नोंद नाही ती दुसऱ्या फाइलमध्ये घातली की घर टाचणीएवढे तरी दिसते किंवा तालुक्याएवढे. ही ढोबळ चूक लगेच कळते, म्हणून ती निरुपद्रवी आहे. धोका असतो तो कोणीतरी हाताने ३.२८ किंवा ३.३ ने गुणून मोकळे होण्यात. फुटाचे मीटर करताना ०.३०४८ हाच आकडा वापरावा. ३० बाय ४० फुटांचा प्लॉट ९.१४४ बाय १२.१९२ मीटरचा होतो, १११.४८ चौरस मीटरचा, म्हणजे १.१० गुंठ्यांचा. हे तिन्ही आकडे प्लॉटच्या नावाखाली एकदाच लिहून ठेवले की पुढचे फोन वाचतात.

डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची स्वतःची फाइल, उघडत नाही ही दुसरी नित्याची तक्रार. बहुतेक वेळा फाइल बिघडलेली नसते, ती नव्या आवृत्तीत साठवलेली असते आणि समोरच्याकडे जुने ऑटोकॅड असते. कोणती आवृत्ती आहे हे कळण्यासाठी एक साधी युक्ती आहे: फाइलची प्रत नोटपॅडमध्ये उघडावी. बाकी सगळा कचरा दिसतो, पण पहिली सहा अक्षरे वाचता येतात. एसी१०३२ असेल तर २०१८ ची घडण, एसी१०२७ असेल तर २०१३ ची, एसी१०२४ म्हणजे २०१० ची आणि एसी१०१५ म्हणजे २००० ची. पाहून झाल्यावर नोटपॅड न साठवता बंद करावे, नाहीतर प्रत खरोखरच बिघडते. बाहेर देण्याची फाइल मी सेव्ह ॲज करून २०१० च्या घडणीत देतो; उद्यमबागेतल्या एखाद्या जुन्या वर्कशॉपमध्येही ती उघडते.

ज्याच्याकडे ऑटोकॅडच नाही त्याला डीएक्सएफ द्यावी. ऑटोकॅड १९८२ साली आले तेव्हापासून देवाणघेवाणीसाठी ठेवलेला हा प्रकार आहे; तो साध्या मजकुराच्या रूपात असल्याने आकाराने मोठा होतो, पण लिब्रेकॅड, क्यूजीआयएस, कोरलड्रॉ यांसारखे बहुतेक सॉफ्टवेअर त्याला ओळखतात. डायनॅमिक ब्लॉक (आकार बदलता येणाऱ्या तयार आकृत्या) यांसारख्या काही गोष्टी त्यात साध्या होऊन जातात, म्हणून डीएक्सएफ ही देण्याची प्रत समजावी, मूळ फाइल डीडब्ल्यूजीतच राहू द्यावी. नुसते पाहायचे असेल तर डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू विनामूल्य मिळते, आणि गठ्ठ्याने आवृत्त्या बदलण्यासाठी ओडीए फाइल कन्व्हर्टर उपयोगी पडतो.

फाइल पाठवताना तिला जोडलेले फाँट, स्कॅन आणि एक्सरेफ (बाहेरून जोडलेले दुसरे नकाशे) मागे राहिले की समोरच्याला प्रश्नचिन्हांची रांग आणि रिकामा चौकोन दिसतो. ई-ट्रान्समिट ही आज्ञा हे सगळे एका झिपमध्ये बांधते. ती वापरण्यात एक मिनिट जाते. लेअरची नावेही हेळसांडीने ठेवू नयेत. हद्द, रस्ता, बांधकाम, झाडे, विहीर, विद्युत खांब आणि मजकूर हे वेगळ्या लेअरवर असले, तर फ्लेक्ससाठी मजकूर झाकता येतो आणि बँकेसाठी झाडे. जेथे बांधकाम परवान्याच्या नकाशांची संगणकीय छाननी होते, तेथे तर यंत्रणा लेअरच्या नावावरूनच भिंत कोणती आणि हद्द कोणती हे ओळखते. नाव चुकले की बरोबर असलेला नकाशाही परत येतो.

पीडीएफ, आणि छापताना होणारा घात

सही-शिक्क्याचा, बँकेचा आणि वकिलाचा नकाशा पीडीएफमध्येच द्यावा. १९९३ साली आलेला आणि २००८ पासून आयएसओ मानक असलेला हा प्रकार कोणत्याही यंत्रावर सारखाच दिसतो, आणि ऑटोकॅडमधून थेट प्लॉट केलेल्या पीडीएफमध्ये रेघा रेघाच राहतात, कितीही मोठे केले तरी फुटत नाहीत. स्क्रीनचा फोटो काढून, वर्डमध्ये चिकटवून बनवलेल्या पीडीएफमध्ये हा गुण उरत नाही. नावाला पीडीएफ, आत धुरकट चित्र.

येथे माझ्याच कामातली एक चूक सांगतो. अनगोळकडील एका जागेचा ए-३ आकाराचा, १:२०० प्रमाणाचा नकाशा मी पीडीएफ करून दिला. झेरॉक्सच्या दुकानात तो छापताना छपाईच्या खिडकीत फिट टू पेज निवडलेले होते, त्यामुळे नकाशा ९४ टक्क्यांवर छापला गेला. कागद पाहून कोणालाही काही जाणवले नाही. मालकाने पट्टी लावून ६० फुटांची बाजू मोजली, ती ५६ फूट ५ इंच भरली, आणि शेजाऱ्याने साडेतीन फूट खाल्ले अशी त्याची खात्री पटली. दोन घरांतले बोलणे बंद झाल्यावर गोष्ट माझ्यापर्यंत आली. आकडा नकाशावर लिहिलेला होता, पण आकड्यापेक्षा पट्टीवर माणसाचा विश्वास जास्त बसतो.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक पीडीएफवर तीन गोष्टी असतात. एक आलेखी मापपट्टी, जी नकाशासोबत लहान-मोठी होते आणि म्हणून खोटे बोलत नाही. खालच्या कडेला बरोबर १०० मिलिमीटरची तपासणी-रेघ, जी छापल्यावर पट्टीने मोजली की छपाई मूळ आकारात झाली का हे दोन सेकंदांत कळते. आणि ॲक्च्युअल साइजवर छापावे अशी मराठी व कन्नड सूचना. बरीच वर्षे टिकवायची प्रत असेल तर पीडीएफ-ए हा प्रकार निवडावा, कारण त्यात फाँट फाइलच्या आतच बांधलेले असतात.

जागा पृथ्वीवर ठेवताना

बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला जागा गूगल अर्थवर पाहायची असते, आणि ते रास्त आहे. यासाठी केएमएल किंवा तिचे आवळलेले रूप केएमझेड द्यावे. ऑटोकॅडमधून काढलेली आकृती क्यूजीआयएस या भौगोलिक नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन तिला जीपीएसने घेतलेल्या किमान तीन-चार कोपऱ्यांशी जुळवावे. बेळगाव जिल्हा डब्ल्यूजीएस ८४ आधाराच्या (जीपीएस वापरते त्या) यूटीएम ४३ उत्तर या नकाशा-पट्ट्यात येतो. क्यूजीआयएसमध्ये त्याचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३ आहे. मीटरमध्ये मोजायचे काम या पट्ट्यात करावे आणि केएमएल काढताना अक्षांश-रेखांशात बदलून घ्यावे. जुन्या भारतीय नकाशांचा आधार वेगळा असल्यामुळे त्यावरचे अक्षांश-रेखांश तसेच्या तसे वापरले तर जागा शंभराहून अधिक मीटर सरकू शकते.

केएमएल हाताने लिहिणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की तिच्यात रेखांश आधी येतो आणि अक्षांश नंतर. बेळगाव सुमारे ७४.५ पूर्व आणि १५.८५ उत्तर आहे. हा क्रम उलटा पडला तर टिळकवाडीतला प्लॉट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसतो. एकदा तसे झालेले पाहिले की माणूस पुन्हा विसरत नाही.

शेप फाइल (भौगोलिक सॉफ्टवेअरमधली आकृतीची फाइल) मागितली गेली तर ती एकटी नसते हे ध्यानात ठेवावे: एसएचपी, एसएचएक्स आणि डीबीएफ या तीन फाइली सोबत हव्यातच, आणि पीआरजे नसेल तर आकृती कोणत्या पट्ट्यातली हे समोरच्याला कळत नाही. चारही एका झिपमध्ये बांधून द्याव्यात.

कर्नाटक शासनाच्या दिशांक ॲपवर सर्व्हे नंबर नकाशावर पाहता येतात आणि गावांचे महसुली नकाशेही संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात. शेजारचे सर्व्हे नंबर, ओढा, गाडीवाट यांचा अंदाज घेण्यास ते फार उपयोगी आहेत. पण त्यावरच्या रेघेवर कुंपणाचा खांब रोवू नये. उपग्रहाच्या चित्रातही काही मीटरांचा फरक असू शकतो, आणि गुंठ्याला लाखांनी भाव असलेल्या गणेशपूर किंवा हिंडलगा भागात तो फरक म्हणजे घराची एक खोली होते. केएमएलच्या नावातच केवळ स्थानदर्शक असे लिहून टाकावे.

ड्रोनने छायाचित्रे घ्यायची असल्यास आधी डिजिटल स्काय या ड्रोनविषयक सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा. २०२१ च्या ड्रोन नियमांत लाल, पिवळे आणि हिरवे असे भाग पाडलेले आहेत, आणि सांबऱ्याचा विमानतळ व शहरातला लष्करी भाग लक्षात घेता येथे आधी उडवून नंतर विचारणे परवडणारे नाही.

त्रिमिती चित्रे

बंगला किंवा अपार्टमेंट उभे राहण्याआधी त्याचे चित्र दाखवण्यासाठी स्केचअप आणि ब्लेंडर ही दोन्ही साधने पुरेशी आहेत. ब्लेंडर तर पूर्णपणे विनामूल्य आहे. डीडब्ल्यूजी किंवा डीएक्सएफमधला तळमजल्याचा नकाशा आत घ्यावा आणि त्यावरच भिंती उभ्या कराव्यात, म्हणजे चित्रातील खोली नकाशातील खोलीइतकीच राहील. मॉडेल दुसऱ्याला देताना ओबीजे दिल्यास सोबतची एमटीएल फाइल आणि टेक्सचरची चित्रे विसरू नयेत, नाहीतर सगळा बंगला राखाडी दिसतो. मोबाईलवर फिरवून पाहण्यासाठी जीएलबी हा प्रकार सोयीचा आहे, कारण आकार आणि रंग दोन्ही एकाच फाइलमध्ये असतात. मोठ्या इमारतीत स्ट्रक्चरल आणि विद्युत सल्लागार वेगवेगळे असतील तर आयएफसी मागावी. तिच्यात भिंत ही भिंत म्हणून आणि खिडकी ही खिडकी म्हणून ओळखली जाते.

सूर्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक चित्रांत तो चुकलेला असतो. स्केचअपमध्ये जागा ठरवली नाही तर ते मॉडेल अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावी आहे असे धरते. बोल्डर ४० अंश उत्तरेला आहे. तेथे डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर येतो आणि वर्षभर तो दक्षिणेलाच राहतो. बेळगावात डिसेंबरातही तो सुमारे ५१ अंश वर असतो, आणि मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारी तो डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे बोल्डरच्या उन्हात काढलेल्या चित्रात दक्षिणेच्या गॅलरीतून ऊन थेट हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचते, पण प्रत्यक्षात ते उंबऱ्यापासून फार आत येत नाही. शिवाय आपण प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या आठ अंश पश्चिमेला असल्याने सूर्य माथ्यावर येतो तो सुमारे साडेबारा वाजता. मॉडेलला जिओ-लोकेशन द्यावे, उत्तर दिशा मोजणीच्या नकाशावरून घ्यावी आणि चित्राखाली महिना व वेळ लिहावी. पूर्वाभिमुख दार मागणारे गिऱ्हाईक ही ओळ नक्की वाचते.

चित्र म्हणजे जाहिरात आणि जाहिरात म्हणजे शब्द दिल्यासारखेच. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे जाहिरातीतील खोट्या किंवा चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. नोंद लागणाऱ्या प्रकल्पाच्या जाहिरातीवर नोंदणी क्रमांक आणि रेराच्या संकेतस्थळाचा उल्लेखही असावा लागतो. म्हणून नऊ मीटरचा रस्ता चित्रात पंधरा मीटरचा दिसेल अशी लेन्स निवडू नये, शेजारची पत्र्याची शेड पुसून तेथे बाग लावू नये आणि मंजूर नकाशात नसलेला तरणतलाव तर मुळीच घालू नये. खोलीचे क्षेत्र लिहिताना कार्पेट एरियाची कायद्यातील व्याख्या पाळावी: आतल्या पडद्या-भिंती तिच्यात धरतात, बाहेरच्या भिंती, सेवा-शाफ्ट, बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची धरत नाहीत. माझा अनुभव असा, की जरा कमी सजवलेले चित्र पाहून आलेले गिऱ्हाईक जागेवर आल्यावर नाराज होत नाही.

कोरल, फ्लेक्स आणि तीन भाषा

आपल्याकडचा फ्लेक्सवाला कोरलड्रॉवर काम करतो. त्याला ले-आऊट द्यायचा असेल तर ऑटोकॅडची पीडीएफ द्यावी. रेघांची जाडी आणि रंग टिकतात आणि त्याला काही नव्याने गिरवावे लागत नाही. गिरवलेल्या ले-आऊटमध्ये प्लॉट नंबर १७ आणि १८ यांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे.

फोटो किती मोठा हवा यावर वाद होतात. हातात धरून वाचायच्या माहितीपत्रकाला ३०० डीपीआय हवे, म्हणजे ए-४ पानासाठी २,४८० बाय ३,५०८ पिक्सेल, आणि कापण्यासाठी चहूबाजूंनी ३ मिलिमीटर जादा. रस्त्यावरून पाहायच्या २० बाय १० फुटांच्या फ्लेक्सला ७२ डीपीआय पुरते, म्हणजे १७,२८० बाय ८,६४० पिक्सेल. त्याच फ्लेक्ससाठी कोणी ३०० डीपीआयचा हट्ट धरला तर रुंदी ७२,००० पिक्सेल होते, आणि जेपीईजीत ६५,५३५ पिक्सेलपेक्षा लांब बाजू मावतच नाही. रंग सीएमवायके या छपाईच्या रंगपद्धतीत बदलून पाहावेत. पडद्यावरचा झगझगीत हिरवा छापल्यावर शेवाळी होतो.

अक्षरांची अडचण मात्र आपल्या भागाची खास आहे. एकाच फलकावर कन्नड, मराठी आणि इंग्रजी असते, आणि तिन्ही मजकूर तीन वेगळ्या माणसांकडून येतात: कन्नड जुन्या नुडीत, मराठी श्रीलिपीत आणि इंग्रजी व्हॉट्सॲपवर. नुडी आणि श्रीलिपीचे जुने फाँट दुसऱ्या संगणकावर नसले की अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांचा काला दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच मागावा. जुन्या कोरलमध्ये युनिकोड मराठीची जोडाक्षरे तुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच जागी बसते. तसे होत असल्यास मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ करून आत घ्यावा. छपाईला देताना सगळी अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकृत्यांत, बदलावीत, पण बदलण्यापूर्वीची प्रत वेगळी साठवावी, कारण फोन नंबर शेवटच्या दिवशी बदलतोच. व्यापारी फलकांवर ६० टक्के कन्नड असावे असा नियम कर्नाटकात २०२४ पासून आहे. मांडणी करतानाच वरचा मोठा भाग कन्नडसाठी राखून मराठी मजकूर त्याखाली बसवला तर दोन्ही नीट वाचता येतात. नंतर घुसवलेला मजकूर कोणत्याच भाषेत धड दिसत नाही.

फोटो आणि व्हॉट्सॲप

आयफोन २०१७ पासून हाइक (एचईआयसी) या प्रकारात फोटो साठवतो आणि अनेक जुन्या संगणकांवर तो उघडत नाही. कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्समध्ये मोस्ट कम्पॅटिबल निवडावे. नकाशा पाठवायचा तर पीएनजी, फोटो पाठवायचा तर जेपीईजी, आणि दोन्ही व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. फोटो म्हणून गेलेले चित्र दाबून लहान केले जाते आणि नकाशावरचे बारीक आकडे वाचता येत नाहीत. ६ चा ८ होतो आणि तोच आकडा पुढे टोकनच्या बोलण्यात येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत मात्र तो कोठे काढला याची नोंद शाबूत राहते. मोकळ्या जागेच्या बाबतीत ते सोयीचेच आहे. ज्या घरात माणसे राहतात त्याचे फोटो धाडण्यापूर्वी ती नोंद काढून टाकावी.

शेतजमिनीचे फोटो वर्षातून दोनदा काढावेत, एकदा जुलैत आणि एकदा मार्चनंतर. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात पाणी कुठे तुंबते ते जुलैत दिसते, आणि बांध व हद्दीचे दगड गवत वाळल्यावरच दिसतात.

फाइली ठेवताना

फाइलचे नाव रोमन अक्षरांत आणि मोकळ्या जागा न सोडता ठेवावे, कारण कित्येक संकेतस्थळे देवनागरी नाव स्वीकारत नाहीत. क्रम असा: गाव, सर्व्हे किंवा सीटीएस (शहरी मोजणीचा) नंबर, कामाचा प्रकार आणि वर्ष-महिना-दिवस अशी तारीख. सर्व्हे नंबरातली तिरपी रेघ विंडोजमध्ये नावात चालत नाही, म्हणून ४५/२ चे ४५-२ करावे लागते. नेमके तसेच एकर-गुंठेही लिहिले जातात, तेव्हा नंबराच्या आधी सर्व्हेचे एस अक्षर लावावे. फायनल, फायनल-नवीन आणि फायनल-खरे अशा नावांच्या तीन फाइली एका फोल्डरमध्ये आढळल्या तर त्यातली एकही अंतिम नसते.

व्यवहार पुरा झाल्यावर खरेदीदाराला मूळ डीडब्ल्यूजी, २०१० ची प्रत, पीडीएफ, केएमएल आणि टिपणाचे स्कॅन एकाच फोल्डरमध्ये, पेनड्राइव्हवर द्यावे. मध्येच मोजणी बदलून नवा नकाशा निघाला असेल तर जुना पुसू नये. त्याच्या हद्दीच्या लेअरवर लाल अक्षरांत रद्द असा शब्द व तारीख आडवी टाकावी, त्याची पीडीएफ पुन्हा काढावी आणि जुनी पीडीएफ ज्यांना धाडली होती त्या सगळ्यांना, फ्लेक्सवाल्यासह, त्याच दिवशी नवी धाडावी.